कमावलेलं शरीर की उसनं आणलेलं?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी कॉन्व्हेंटवाला. दहावीपर्यंत मराठी होतं, पण 'लोअर' का काय म्हणतात तेवढंच. अजूनही भाजीवाल्या मावशींनी 'एकोणऐंशी' म्हटलं की मला सेव्हंटी-नाइन की एटी-नाइन हा प्रश्न पडतो आणि मी गुपचूप शंभराची नोट पुढे करतो. म्हणून या लेखातले आकडे आकड्यांतच लिहिलेत. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!

मग इंग्लिश सेक्शन सोडून इकडे कशाला आलो? कारण हा लेख ज्याच्यामुळे लिहितोय तो माझा रूम पार्टनर इंग्लिश सेक्शन वाचत नाही. आणि खरं सांगायचं तर, या विषयावर होस्टेलमध्ये जे काही बोललं जातं ते सगळं मराठीतच, रात्री ११ नंतर, दार लावून.

त्याला आपण पैलवान म्हणू. सगळा होस्टेल त्याला तेच म्हणतो. सांगली जिल्ह्यातला. आजोबा खरेखुरे तालमीतले. त्याने लेख वाचून 'छाप' म्हटल्यावरच मी हा संपादकांकडे दिलाय.

फर्स्ट इयरला आला तेव्हा पैलवान ६४ किलोचा होता. नाव पैलवान आणि अंगाने काडी, म्हणून सगळे हसायचे. मीही हसायचो. सेकंड इयरच्या गणपतीनंतर तो गावातल्या एका जिमला जायला लागला. तिथे एका 'दादा'ने त्याला सांगितलं, "नॅचरलने चार वर्षं लागतील. गॅदरिंगला शर्ट काढायचाय ना?" मग दर आठवड्याला एक इंजेक्शन आणि रोज गोळ्या. कमी पडले तेव्हा २००० रुपये मी उसने दिले. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो मीच काढले. जानेवारीत त्याचं वजन ७३ झालं होतं आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होतो, की पुढच्या वर्षी आपणही करायला काय हरकत आहे?

दिवाळीत मी त्याच्या गावी गेलो होतो. आजोबांनी त्याचा दंड दाबून बघितला आणि एवढंच म्हणाले, "एवढ्या दिवसात अंग भरत नसतं रे बाळा." आम्ही दोघं हसलो. म्हाताऱ्यांना काय कळतंय!

जानेवारीत कॉलेजमध्ये रक्तदान शिबिर झालं. पैलवान छाती पुढे काढून रांगेत उभा राहिला. बीपी १५८/९८. परत घेतलं, तेवढंच. शिबिरातल्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या दंडाकडे बघितलं, कपाळावरच्या आणि पाठीवरच्या पुटकुळ्यांकडे बघितलं आणि त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय घेतोयस?" चार महिन्यांत हा प्रश्न त्याला विचारणारी ती पहिली व्यक्ती. त्याने सांगून टाकलं.

पुढे तपासण्या झाल्या. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, पुरुषात ४० च्या वर हवं. त्याचं १९. 'वाईट' एलडीएल १७१. हिमॅटोक्रिट ५४. उपाशीपोटी साखर १०८. वय वर्षं २०.

तर सांगायचा मुद्दा असा, की या विषयावर आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं बोलतात. एक म्हणतात 'घेतलं की मेलास.' दुसरे म्हणतात 'काही होत नाही यार.' दोघेही चूक आहेत, आणि माझ्या मते पहिल्यांच्या चुकीमुळेच दुसऱ्यांचं फावतं.

आधी खरं ते मान्य करू. टेस्टोस्टेरॉन काम करतं. १९३५ साली ते ॲमस्टरडॅममध्ये बैलाच्या वृषणांपासून वेगळं केलं गेलं, आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झालं. ते करणाऱ्या बुटेनांट आणि रुझिच्का यांना १९३९ चं केमिस्ट्रीचं नोबेल जाहीर झालं. आणि १९९६ साली अमेरिकेत शलेंदर भसीन नावाच्या डॉक्टरांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४३ निरोगी पुरुष, १० आठवडे, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम. ज्यांनी फक्त व्यायाम केला त्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन साधारण २ किलोने वाढलं. ज्यांनी व्यायाम अजिबात न करता फक्त इंजेक्शन घेतलं त्यांचं ३ किलोहून जास्त वाढलं! दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलो. म्हणजे पलंगावर लोळणारा माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. हे वाचल्यावर मला 'दादा'चा राग कमी आला आणि भीती जास्त वाटली. कारण ज्या वस्तूचा फायदा १० आठवड्यांत आरशात दिसतो आणि तोटा १० वर्षांनी रिपोर्टमध्ये दिसतो, तिच्याशी २० वर्षांचा मुलगा कसा भांडणार?

आता तोटा. इथे आपण इंजिनियर आहोत त्याचा उपयोग करू. कंट्रोल सिस्टिम्स सगळ्यांना आहे (काहींना दोनदा आहे). मेंदूतला हायपोथॅलॅमस म्हणजे कंट्रोलर. तो पिट्युटरीला सिग्नल देतो, पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते, आणि वृषणं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू तयार करतात. रक्तातली पातळी वाढली की कंट्रोलर सिग्नल कमी करतो. साधा निगेटिव्ह फीडबॅक. आता बाहेरून माल ओतला तर काय होईल? कंट्रोलरला वाटतं टाकी भरली आहे, तो पंप बंद करतो. वृषणं आक्रसतात, शुक्रजंतूंची संख्या पडते, कधीकधी शून्याजवळ जाते. आणि बाहेरचा माल थांबवल्यावर पंप लगेच सुरू होत नाही. काही जणांना महिने लागतात, काहींना वर्षापेक्षा जास्त. पुरुषत्व वाढवायला घेतलेलं औषध पुरुषत्वाचाच कारखाना बंद पाडतं, ही गंमत जिममध्ये कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट कोलेस्टेरॉलची. गोळ्यांमध्ये मिळणारी जी स्टेरॉइड्स असतात, ती यकृतात लगेच नष्ट होऊ नयेत म्हणून त्यांच्या रेणूत एक बदल केलेला असतो. त्याची किंमत यकृतच देतं. शिवाय यकृतातलं हिपॅटिक लायपेज नावाचं एन्झाइम वाढतं आणि ते एचडीएल मोडून टाकतं. नुसत्या इंजेक्शननेही एचडीएल उतरतं, पण गोळ्यांनी ते धाडकन खाली येतं. पैलवान दोन्ही घेत होता.

तिसरी गोष्ट रक्ताची. टेस्टोस्टेरॉनमुळे लाल पेशी जास्त बनतात. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के. तो वाढला की रक्त दाट होतं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये व्हिस्कॉसिटीचे कितीतरी न्यूमेरिकल्स आपण केले. दाट द्रव त्याच नळीतून ढकलायचा तर पंपावर काय लोड येतो ते मी सांगायला नको. त्यात शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं. डॉक्टर लोक ज्यांना हे औषध खरंच देतात त्यांचाही हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेला की औषध थांबवतात. पैलवान बरोबर त्या रेषेवर उभा होता. मोजायला मात्र कोणी नव्हतं.

चौथी गंमत. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर अरोमाटेज नावाच्या एन्झाइमने इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. म्हणजे छाती कमवायला गेलेल्या मुलाची छाती वेगळ्याच पद्धतीने वाढू शकते. काही जणांना ती शेवटी ऑपरेशन करूनच काढावी लागते.

आता साखर. इथे जिममधले अभ्यासू लोक मला अडवतील. "अरे, टेस्टोस्टेरॉनने डायबेटीस कमी होतो, ऑस्ट्रेलियात सिद्ध झालंय!" बरोबर आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १००७ पुरुष होते. दोन वर्षांनंतर औषधवाल्या गटात १२% लोकांना डायबेटीस होता, खोट्या इंजेक्शनवाल्या गटात २१%. पण पूर्ण वाचा ना राव! ते पुरुष ५० ते ७४ वर्षांचे, पोट सुटलेले, साखर आधीच बिघडलेली आणि टेस्टोस्टेरॉन खालच्या बाजूला असलेले होते. आहार-व्यायामाचा कार्यक्रम दोन्ही गटांना होता. डोस साधारण दर ३ महिन्यांनी १००० मिलिग्रॅम. पैलवान तेवढं दोन-तीन आठवड्यांत संपवत होता. आणि एवढ्या देखरेखीतसुद्धा औषधवाल्यांपैकी २२% लोकांचा हिमॅटोक्रिट ५४ ला पोचला. दुसऱ्या गटात १%.

२०२३ साली अमेरिकेत ५००० हून जास्त पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. वयं ४५ ते ८०, टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेले, आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले. योग्य डोसमध्ये हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले नाहीत. हेही सांगितलंच पाहिजे. पण हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि किडनीला अचानक इजा हे प्रकार औषधवाल्यांत जास्त दिसले. म्हणजे कमी आहे त्याला मोजून देणं हा उपचार. भरलेल्या टाकीत बादलीने ओतणं ही वेगळीच गोष्ट. दोन्हीला एकच नाव आहे म्हणून दोन्ही एकच होत नाहीत.

बादलीने ओतणाऱ्यांचं काय होतं? २०१७ साली अमेरिकेतल्या १४० वेटलिफ्टर्सची हृदयं तपासली गेली. त्यातले ८६ जण स्टेरॉइड घेणारे होते. न घेणाऱ्यांचं हृदय एका ठोक्याला सरासरी ६३% रक्त बाहेर फेकत होतं, घेणाऱ्यांचं ५२%. आयुष्यात जितका जास्त काळ घेतलं, तितका हृदयाच्या धमन्यांत थर जास्त. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तर ज्यांनी घेणं सोडून दिलं होतं त्यांनाही तपासलं. त्यांच्यातही इन्शुलिनची परिणामकारकता कमी आणि पोटाच्या आतली चरबी जास्त सापडली. पैलवानाची १०८ साखर औषधामुळे की वडिलांच्या डायबेटीसमुळे हे एका रिपोर्टवरून सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण ज्याच्या घरात साखर आहे त्याने हा जुगार खेळावा का, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आणि आपल्या सगळ्यांच्याच घरात साखर आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला होता. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१% आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२%! वरून बारीक, आतून चरबी. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची ठेवण अशीच. भारतीयांत एचडीएलही मुळातच कमी असतं. म्हणजे परदेशी बॉडीबिल्डरचा चार्ट बघून आपण डोस ठरवतो तेव्हा मशीन वेगळं आणि मॅन्युअल दुसऱ्याच मशीनचं, असा प्रकार होतो.

इथे एक स्पष्ट करतो, कारण होस्टेलच्या नोटीस बोर्डावर 'पावडर, स्टेरॉइड व तत्सम पदार्थ आढळल्यास कारवाई' असं एका दमात लिहिलंय. सर, मनापासून आदर ठेवून सांगतो, व्हे प्रोटीन म्हणजे दुधातलं प्रथिन. क्रिएटिन हेही स्टेरॉइड नाही. तुम्ही दोन्हीला एकाच पोत्यात घातलं की मुलांना वाटतं सरांना काहीच माहीत नाही, मग इंजेक्शनबद्दलचा इशाराही ती हसण्यावारी नेतात. हां, 'टेस्टो बूस्टर' म्हणून जे डबे मिळतात ते मात्र वेगळं प्रकरण. त्यातल्या गोखरूने निरोगी तरुणाचं टेस्टोस्टेरॉन वाढत नाही हे तपासून झालंय. आणि अशा काही डब्यांत लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइड्स सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने अनेकदा दिलेत. म्हणजे एक तर पैसे वाया, नाहीतर शरीर.

असो. पैलवानाचं पुढे काय झालं?

त्याने बंद केलं. आम्हाला वाटलं, संपलं प्रकरण. खरा त्रास तिथून सुरू झाला. पंप बंद पडलेला आणि बाहेरचा मालही नाही. तो दिवसभर झोपायचा. मेसला यायचा नाही. एका रात्री म्हणाला, "मी परत काडी होणार रे. त्यापेक्षा परत घेतो." मी पहिल्यांदा घाबरलो. त्या वेळी मी रेक्टर सरांकडे गेलो नाही, कारण रूम सुटेल आणि घरी पत्र जाईल ही भीती. मी त्या शिबिरातल्या डॉक्टर मॅडमना फोन केला. त्यांनी हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गॅदरिंगला तो शर्ट घालूनच बसला होता, शेवटच्या रांगेत. तीन महिन्यांनी एचडीएल ३६ झालं, बीपी १२८/८२. वजन ६६. टेस्टोस्टेरॉन अजूनही नॉर्मलच्या खाली होतं. त्या सेमिस्टरला त्याचा एक विषय राहिला. माझे २००० अजून आलेले नाहीत आणि मी ते मागणारही नाही. ते मी दिले नसते तर बरं झालं असतं.

आता माझं मत. कडक नियम आणि रूम चेकिंग याने हे थांबणार नाही. चार महिन्यांत दोनदा चेकिंग झालं. आमच्या रूममधून पाणी तापवायची कॉइल जप्त झाली, ३०० रुपये दंड झाला. सिरिंज कंपास बॉक्समध्ये होती. पैलवान सापडला तो जिथे शिक्षेची भीती नव्हती तिथे, एका साध्या प्रश्नाने.

म्हणून कॉलेजकडे तीन मागण्या. पहिली, हेल्थ सेंटरमध्ये जो मुलगा स्वतःहून सांगेल त्याची गोष्ट रेक्टरकडे आणि घरी जाणार नाही, हे लेखी जाहीर करा. स्टाफमधल्या काही सरांना हे पटणार नाही. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण लपवून ठेवल्यावर काही झालं तर जबाबदार कोण, हाही प्रश्न आहेच ना? आजार कळला तर पुढे काही करता येतं. दुसरी, कॉलेजच्या जिममध्ये कुलपाऐवजी एक शिकलेला प्रशिक्षक ठेवा. आतला मल्टिजिम गंजलाय म्हणून पोरं बाहेरच्या 'दादा'कडे जातात. तिसरी, मेसमध्ये रोज अंडी किंवा पनीरचा पर्याय द्या. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिन असतं. आपल्या डाळीत किती असतं ते मेस काकांनाच विचारा, तळ दिसतो हो!

आणि मुलांकडे दोन विनंत्या. जे घेत असाल त्यांनी लाज न बाळगता डॉक्टरला सांगा. बीपी, लिपिड प्रोफाइल, हिमॅटोक्रिट, लिव्हर आणि साखर एवढं तपासून घ्या. बंद करतानाही 'दादा'ने दिलेल्या दुसऱ्या गोळ्या घेऊ नका, तेही डॉक्टरलाच विचारा. छातीत दुखलं, दम लागला किंवा एकच पाय सुजला तर सकाळची वाट बघू नका. आणि जे घेत नाहीत त्यांनी काडीला काडी म्हणून हसणं बंद करा. ही दुसरी विनंती मी सगळ्यात आधी मलाच करतोय.

मराठीत 'शरीर कमावणं' असं म्हणतात. इंग्लिशमध्ये मी नेहमी 'बिल्ड' म्हणत आलो. 'कमावणं' हा शब्द मला पैलवानाच्या आजोबांकडून कळला, याच सुट्टीत. पैलवान आता पहाटे उठून त्यांच्यासोबत तालमीत जोर मारतो. २५ होतात म्हणे. मी मारून बघितले, ११ झाले. हात दुसऱ्या दिवशी ताटापर्यंत जाईनात.

पण ते ११ माझे होते. उसने नव्हते.

बघा, पटतंय का!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी